अठ्ठाविसाव्या दिवसाचे इंजेक्शन

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री व मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्तनाच्या कर्करोगावरील पेप्टाइड औषधे आणि मराठवाड्यातील स्त्रियांपर्यंत ती वेळेवर पोहोचण्याची व्यवस्था

महोदय,

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. साखळी लांबत जाऊन तिला ठरावीक घड्या पडल्या की तिला प्रथिन म्हणतात. दोहोंमधली सीमारेषा सगळीकडे एकच नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था चाळीस अमिनो आम्लांपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड मानते, तर अनेक पाठ्यपुस्तके पन्नासच्या आसपास थांबतात. शरीर स्वतः असंख्य पेप्टाइडे तयार करते आणि एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाला पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडून करून घेते. स्तनाच्या कर्करोगावर पेप्टाइडची औषधे येऊ घातली आहेत, अशा बातम्या वरचेवर छापून येतात. त्यांतली एक जात मात्र तीन दशकांपासून वापरात आहे आणि तिचा गुण मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. उद्याच्या औषधांची चर्चा या आजच्या औषधापासून सुरू व्हायला हवी, कारण मराठवाड्यातील तरुण रुग्ण स्त्रीचे आयुष्य सध्या त्याच्याशी बांधलेले आहे.

पेप्टाइड हा प्रकार या शहराला परका नाही. इन्सुलिन ही ५१ अमिनो आम्लांची, दोन पदरांची साखळी आहे. एका पदरात २१ आणि दुसऱ्यात ३०. वाळूज औद्योगिक वसाहतीतील वॉकहार्टच्या जैवतंत्रज्ञान संकुलामुळे मानवी इन्सुलिनच्या निर्मितीशी या शहराचे नाव जोडले गेले, आणि त्या कंपनीचे इन्सुलिन २००३ मध्ये भारतीय बाजारात आले. मधुमेह असलेल्या घरात पेप्टाइड औषधाचे दोन गुणधर्म अनुभवाने माहीत असतात : ते गोळी म्हणून गिळता येत नाही आणि ते उन्हात टिकत नाही. जठरातील व आतड्यातील पाचकरस त्याला अन्नातल्या प्रथिनासारखेच तोडून टाकतात, म्हणून सुईला सहसा पर्याय नसतो. या दोन मर्यादा स्तनकर्करोगावरील पेप्टाइडांनाही लागू आहेत, आणि शासकीय व्यवस्थेचा खरा कस त्यांच्यापाशीच लागतो.

स्तनकर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅबसारख्या प्रतिपिंड औषधांशी पेप्टाइडांची गल्लत होऊ नये. ट्रॅस्टुझुमॅबच्या एका रेणूत तेराशेहून अधिक अमिनो आम्ले असतात आणि ते जिवंत पेशींच्या टाक्यांतच तयार करावे लागते. आखूड पेप्टाइड रासायनिक पद्धतीने, एकेक अमिनो आम्ल जोडत, बनवता येते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लहान आकारामुळे पेप्टाइड गाठीच्या आत खोलवर शिरते, पण त्याच कारणाने मूत्रपिंडे त्याला झपाट्याने गाळून बाहेर टाकतात. पेप्टाइड औषधांवरील बहुतेक संशोधन ही घाई रोखण्यासाठीच चालते.

स्तनाचा कर्करोग आणि बीजांडकोश यांचे नाते एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की रोग बळावलेल्या तरुण स्त्रीचे बीजांडकोश काढल्यावर स्तनातील गाठी ओसरल्या. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. स्तनकर्करोगाच्या बहुसंख्य गाठी या संप्रेरकावर पोसल्या जातात आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या शरीरात त्याचा मुख्य पुरवठा बीजांडकोशातून होतो, ही उकल पुढे अनेक दशकांनी झाली.

बीजांडकोश स्वतःहून काम करत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस साधारण तास-दीड तासाच्या अंतराने एका पेप्टाइडचा छोटा झोत सोडतो. तो पियुषिका ग्रंथीला जागे करतो, आणि पियुषिकेची संप्रेरके बीजांडकोशांना कामाला लावतात. हे मूळ पेप्टाइड अवघ्या दहा अमिनो आम्लांचे आहे. त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या आणि रॉजर गिलमिन यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूचे तुकडे लाखांच्या हिशेबाने गोळा केले आणि त्यांतून हे द्रव्य अक्षरशः मिलिग्रॅमने मिळवले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

नैसर्गिक पेप्टाइड रक्तात काही मिनिटांतच निम्मे उरते. सहाव्या जागेवर ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते, आणि शरीरातील विकरे साखळी तोडतात ती तिथेच. रसायनशास्त्रज्ञांनी त्या जागी आरशातल्या प्रतिमेसारखे उलट्या घडणीचे अमिनो आम्ल बसवले. शरीरातील विकरांना ही उलटी घडण सहज पकडता येत नाही, त्यामुळे रेणू टिकतो आणि पियुषिकेला अधिक घट्ट चिकटतो. गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही औषधे अशाच फेरबदलांतून आली.

गंमत अशी, की ही औषधे पियुषिकेला उत्तेजनच देतात, तरीही परिणाम उलटा होतो. झोताझोताने येणारा निरोप सलग येऊ लागला की पियुषिकेच्या पेशी आपले ग्राही, म्हणजे निरोप पकडणारी प्रथिने, आत ओढून घेतात. दाराची कडी अखंड वाजत राहिली की घरातली माणसे उठायचेच सोडून देतात, तसे होते. पहिले एक-दोन आठवडे इस्ट्रोजेन उलट थोडे वाढते; नंतर ते झरझर उतरते आणि साधारण महिनाभरात रजोनिवृत्तीच्या पातळीवर येते. पाळी थांबते. शस्त्रक्रियेने जे कायमचे होते, ते या औषधाने औषध चालू असेपर्यंतच होते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर अनेक तरुण स्त्रियांचे बीजांडकोश पुन्हा कामाला लागतात. एरवी हा उलट फिरण्याचा गुण वरदान आहे. इंजेक्शन चुकले की मात्र तोच घात करतो.

औषध टिकावे म्हणून ते शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थात गुंफलेले असते. गोसेरेलिनची ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी जाड सुईने पोटाच्या त्वचेखाली बसवतात आणि ती २८ दिवस पुरते. ल्युप्रोलाइडची ३.७५ मिलिग्रॅमची भुकटी द्रावणात कालवून महिन्यातून एकदा स्नायूत देतात. तीन महिन्यांची मात्राही मिळते. परंतु तरुण स्त्रियांत बीजांडकोश पुरते शांत ठेवण्यासाठी बहुतेक तज्ज्ञ महिन्याच्या मात्रेवरच अधिक भिस्त ठेवतात.

हे औषध सर्वांसाठी नाही, हे स्पष्ट असलेले बरे. ज्या गाठीवर इस्ट्रोजेनचे ग्राही नाहीत, तिच्यावर त्याचा कर्करोगविरोधी परिणाम होत नाही. पाळी कायमची गेलेल्या स्त्रीलाही त्याचा उपयोग नाही. संप्रेरक-ग्राही गाठ असलेल्या, पण परत उद्भवण्याचा धोका कमी असलेल्या स्त्रीला केवळ टॅमॉक्सिफेनची गोळी पुरते. फरक पडतो तो केमोची गरज लागलेल्या आणि विशेषतः कमी वयाच्या स्त्रियांत. ‘सॉफ्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३५ वर्षांखालील सुमारे ३५० स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी रोगाशिवाय असलेल्यांचे प्रमाण केवळ टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत ६७.७ टक्के, टॅमॉक्सिफेनबरोबर बीजांडकोश शांत ठेवलेल्यांत ७८.९ टक्के आणि एक्झेमेस्टेन या दुसऱ्या गोळीबरोबर बीजांडकोश शांत ठेवलेल्यांत ८३.४ टक्के होते. शंभर तरुणींमागे दहा-पंधरा जणींचा रोग परतणे टळावे, हे फार मोठे फळ आहे.

त्याच वर्षी ‘पोएम्स’ चाचणीने दुसरा उपयोग दाखवला. संप्रेरक-ग्राही नसलेल्या गाठीच्या तरुण स्त्रियांना केमोच्या काळात गोसेरेलिन दिले, तेव्हा दोन वर्षांनी बीजांडकोश निकामी होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले आणि पुढे गर्भ राहण्याचे प्रमाणही वाढले. मूल हवे असलेल्या पंचविशी-तिशीतल्या बाईला केमोपूर्वी ही शक्यता सांगितली गेलीच पाहिजे.

भारतात २०२२ मध्ये स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय स्त्रीला हा रोग सरासरी दहा वर्षे आधी गाठतो. साहजिकच पाळी चालू असलेल्या रुग्णांचे प्रमाण इथे जास्त आणि म्हणून या इंजेक्शनची निकड जास्त. ल्युप्रोलाइडचा समावेश भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत झालेला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते स्तनाच्या प्रारंभिक कर्करोगासाठीही नोंदलेले आहे. अत्यावश्यक म्हटले गेलेले औषध अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात किंवा पोटात पोहोचले, तरच त्या शब्दाला अर्थ येतो.

फुलंब्री आणि सिल्लोडकडून येणारा जळगाव रस्ता हर्सूलवरून शहरात शिरतो. आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘घाटी’शी, ते जोडलेले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे सहकार्य त्याला लाभले आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. मराठवाड्यातील जिल्ह्यांबरोबरच शेजारच्या जळगाव-बुलढाण्याकडील रुग्णांनाही मुंबईपेक्षा ते जवळचे आहे. निदान, शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार हे सारे तिथेच व्हायला हवे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु शस्त्रक्रिया-केमो आटोपल्यानंतर संप्रेरक उपचार पाच वर्षे चालतात. दर २८ दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला तेरा आणि पाच वर्षांत पासष्ट इंजेक्शने.

सिल्लोडहून साठ-पासष्ट किलोमीटर यायचे तर एका इंजेक्शनमागे एक दिवस मोडतो, एक रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत ही तारीख पाळणे अवघड. बीडच्या ऊसतोड स्त्रीची अडचण याहून मोठी. दिवाळीच्या सुमारास ती कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा कर्नाटकाकडे जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या पाच-सहा महिन्यांत तिची सहा-सात इंजेक्शने कारखान्याच्या परिसरातच यायला हवीत. तिचे कागद एका रुग्णालयात, औषध दुसरीकडे आणि ती तिसरीकडे, अशा स्थितीत इंजेक्शन चुकणारच.

इंजेक्शन चुकण्याचे परिणाम वैद्यकीयदृष्ट्या गंभीर आहेत. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या शरीरातील इस्ट्रोजेनची निर्मिती रोखतात, पण बीजांडकोश झोपलेले असतील तरच. बीजांडकोश जागे असताना नुसती ही गोळी घेतली, तर मेंदू त्यांना अधिक जोराने हाकारतो आणि इस्ट्रोजेन वाढू शकते. ‘सॉफ्ट’मधीलच एका उपअभ्यासात वेळेवर इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रियांपैकीही सुमारे एक-तृतीयांश जणींत पहिल्या वर्षात एकदा तरी इस्ट्रोजेन अपेक्षित पातळीच्या वर आढळले. म्हणून इंजेक्शनच्या तारखेइतकेच इस्ट्राडायॉलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य रूपाच्या, अचूक रक्ततपासणीलाही महत्त्व आहे, आणि ती साध्या पद्धतीने करून भागत नाही. अत्यंत कमी पातळी मोजू शकणारे यंत्र राज्य कर्करोग संस्थेत असावे आणि जिल्ह्यांतून नमुने तिथे पाठवता यावेत.

बीजांडकोश शस्त्रक्रियेने काढणे हा जुना, स्वस्त आणि परिणामकारक पर्याय आहे. चाळिशीच्या पुढच्या, मुले झालेल्या बाईने तो समजून-उमजून निवडला तर त्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो भाडे परवडत नाही आणि औषध मिळण्याची खात्री नाही म्हणून तिशीतल्या मुलीवर ती निवड लादली जाण्याला. या विभागात शरीराचा अवयव रोजगाराच्या हिशेबात काढून टाकण्याचा कटू इतिहास ताजा आहे. २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जिथे हे घडले, तिथे उलट फिरवता येणारा उपचार उपलब्ध असूनही पोहोचत नसेल, तर ती साधी पुरवठ्याची अडचण उरत नाही; तो त्या स्त्रियांवरचा दुसरा अन्याय ठरतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. पहिले इंजेक्शन कर्करोग रुग्णालयात द्यावे आणि पुढची रुग्णाच्या घराजवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळावीत. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या एकाच रस्त्यावरच्या टप्प्यांवर प्रयोग म्हणून सुरुवात करता येईल. ल्युप्रोलाइड कालवून स्नायूत देणे कोणत्याही प्रशिक्षित परिचारिकेला जमते. गोसेरेलिनच्या जाड सुईसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरे. रुग्णाच्या हातात एक कार्ड असावे. त्यावर निदान, औषध, मात्रा आणि पुढची तारीख लिहिलेली असावी, आणि राज्यातील कोणत्याही शासकीय रुग्णालयाने ते मान्य करावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या पासष्ट इंजेक्शनांचा खर्च एकाच मंजुरीत बांधला जावा. दर महिन्याला नवा कागद, नवी रांग नको. आशा सेविकेला लसीकरणाच्या तारखा जशा कळवल्या जातात, तशीच ही तारीखही कळवता येईल.

साठवणुकीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. गोसेरेलिनची कांडी २५ अंशांखालीच ठेवायची असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि भारनियमन झाले की औषधभांडारातील खोली भट्टी होते. उष्णतेने औषधाची रया गेलेली डोळ्यांना दिसत नाही. लसींची शीतसाखळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेलीच आहे. तिच्या शिस्तीत या औषधासाठीही थंड जागा आणि तापमानाची नोंदवही ठेवता येते.

या उपचाराचे त्रासही मोकळेपणाने सांगितले जायला हवेत. अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, झोप उडणे, सांधे धरणे, योनीचा कोरडेपणा, मन खिन्न होणे, आणि सर्वांत दूरगामी म्हणजे हाडांची झीज. तिशीतल्या स्त्रीच्या शरीरावर पन्नाशीनंतरचे दिवस एका महिन्यात लादले जातात. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास झोलेड्रोनिक आम्ल हे सारे इंजेक्शनच्या सोबतच यायला हवे. नवऱ्यालाही समोर बसवून हे समजावले, तर घरातली अर्धी भांडणे टळतील. पाळी थांबली म्हणून गर्भ राहणारच नाही असे मानू नये, आणि गर्भनिरोधनासाठी संप्रेरकाची गोळी घेऊ नये, हेही तेव्हाच सांगावे.

उद्याच्या पेप्टाइड औषधांचे तीन-चार प्रवाह दिसतात. पहिल्यात पेप्टाइड स्वतः औषध नसते. ते केमोच्या औषधाला गाठीपर्यंत नेते. अँजिओपेप-२ ही १९ अमिनो आम्लांची साखळी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ओलांडू शकते. तिला पॅक्लिटॅक्सेलचे तीन रेणू जोडून बनवलेले औषध मेंदूत पसरलेल्या स्तनकर्करोगात दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले आणि काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. केंब्रिजमधील एका गटाने दोन वलयांत बांधलेली, सहज न तुटणारी पेप्टाइडे तयार केली असून नेक्टिन-४ हे प्रथिन असलेल्या गाठींवर त्यांची चाचणी झाली आहे. संप्रेरकांचे ग्राही आणि हर-२ हे प्रथिन यांपैकी काहीच नसलेला, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, कर्करोग भारतात साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत आढळतो. त्याच्यावरची औषधे मोजकी आहेत, म्हणून या प्रवाहाकडे इथल्या डॉक्टरांनी विशेष लक्ष ठेवावे.

किरणोत्सारी अणू वाहून नेणारी पेप्टाइडे मुंबईत प्रत्यक्ष वापरात आहेत. तुर्भे येथील अणुभट्टीत तयार होणारे ल्युटेशियम-१७७ एका छोट्या पेप्टाइडला जोडून चेता-अंतःस्रावी गाठींच्या रुग्णांना परळच्या किरणोत्सर्ग औषध केंद्रात दिले जाते. संप्रेरक-ग्राही स्तनकर्करोगाच्या अनेक गाठींवर वेगळ्या पेप्टाइडचे ग्राही सापडतात. तिथे हीच युक्ती लागू करण्याचे संशोधन चालू आहे.

लसींचा प्रवाह सर्वांत गाजला आणि त्यातच सर्वांत मोठी निराशा पदरी पडली. हर-२ प्रथिनातील नऊ अमिनो आम्लांचा तुकडा टोचून शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर सोडायची, अशी कल्पना. या लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत साडेसातशेहून अधिक स्त्रिया होत्या. २०१६ मध्ये फायदा दिसत नसल्याने ती थांबवावी लागली. हर-२ मधीलच दुसऱ्या तुकड्यावर आधारलेली आणखी एक लस सध्या तिसऱ्या टप्प्यात आहे. इथे एक बाब भारतीयांसाठी निर्णायक आहे. असा तुकडा प्रतिकारपेशींसमोर मांडण्याचे काम प्रत्येकाच्या पेशींवरील एचएलए प्रथिने करतात आणि ती माणसागणिक वेगळी असतात. या लसी मुख्यतः युरोपीय लोकांत सर्रास आढळणाऱ्या ए-२ प्रकाराला धरून घडवल्या गेल्या. भारतीयांत त्या प्रकाराच्या उपजाती वेगळ्या प्रमाणात आहेत. तेव्हा बोस्टनमध्ये यशस्वी ठरलेली लस बदनापूरच्या बाईला लागू पडेलच, असे गृहीत धरता येत नाही. ते इथेच तपासावे लागेल.

भारतीय वंशाच्या एका शास्त्रज्ञाचे काम या क्षेत्रात आवर्जून सांगण्याजोगे आहे. शिकागोतील आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या गटाने स्यूडोमोनास जिवाणूच्या अ‍ॅझ्युरिन प्रथिनातून २८ अमिनो आम्लांचे पी-२८ हे पेप्टाइड वेगळे केले. ते कर्करोगपेशींत शिरून पी-५३ या रक्षक प्रथिनाला टिकवून धरते. बळावलेल्या गाठींच्या पंधरा रुग्णांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा अहवाल २०१३ मध्ये आला. औषध सुसह्य ठरले. तिथून बाजारातल्या औषधापर्यंतचा पल्ला अजून लांब आहे.

मधमाशीच्या विषातील मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडने प्रयोगशाळेत स्तनकर्करोगाच्या पेशी झपाट्याने मारल्या, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. काचेच्या बशीतील पेशी आणि उंदीर यांच्यावरचे हे निष्कर्ष आहेत. कर्करोगावर कुणी मधमाश्यांचे डंख किंवा पेप्टाइडची पावडर विकत असेल, तर तो रुग्णाची फसवणूक करतो आणि तिची उपचाराची वेळ वाया घालवतो. अशा विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाने वेळीच हात टाकावा.

स्तनकर्करोगावरील मूलभूत संशोधनाची परंपरा महाराष्ट्राला आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरील प्रयोगांतून स्तनकर्करोग, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या नात्याचा शोध घेतला आणि देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. आरोग्य सेविकेने हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्यांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, हे त्यातून २०२१ मध्ये सिद्ध झाले. वस्तीतल्या बाईला सोबत घेऊन जगाच्या तोडीची चाचणी करता येते, याचा याहून ठळक पुरावा नको. छत्रपती संभाजीनगरात भारतीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने कर्करोग नोंदणी १९७८ पासून सुरू झाली. रुग्णांची नोंद, रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ आणि औषधनिर्मितीचे कारखाने हे सारे एका शहरात आहे. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जालातील पेप्टाइड औषधांच्या पुढच्या चाचण्यांचे एक केंद्र इथे असण्यास अडचण दिसत नाही. सुरुवात साध्या प्रश्नाने करता येईल : महिन्याचे इंजेक्शन घराजवळ दिल्याने किती जणी पाच वर्षे टिकतात, आणि भारतीय स्त्रीत बीजांडकोश शांत ठेवायला कोणती मात्रा पुरते.

चाचण्या २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार होतील आणि भारतीय चाचणी नोंदवहीत त्यांची आगाऊ नोंद असेल, हे ओघाने आलेच. त्याखेरीज संमतिपत्र मराठीत आणि उर्दूत असावे, कारण या शहरातील आणि जिल्ह्यातील रुग्ण याच दोन भाषांत आपले दुखणे सांगतात. ते वाचून दाखवल्यावर घरी जाऊन विचार करायला किमान एक दिवस द्यावा. चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरले, तर ज्या स्त्रियांनी स्वतःच्या शरीरावर ते घेऊन पाहिले, त्यांना ते पुढेही विनामूल्य मिळत राहील, अशी अट करारातच असावी.

कळावे,

एक नागरिक
हर्सूल, छत्रपती संभाजीनगर